आबाजीचा आवाज

राळेगाव, दि. २ जुलै २०२५

चि. समीक्षा हिस आजी पंचफुलाचा जयभीम व अ. आ.

इकडे ठीक. माझे गुडघे फार बोलतात, पण माझ्याहून कमीच, असं हे पत्र लिहून देणारी शेजारची ममता म्हणते.

काल देवीलालच्या कृषी केंद्रात फवारणीचं औषध आणाले गेलती. त्यानं नवीन डबी घेतली. बाटली पुढे धरली की तिच्यावरचं वाचून दाखवते. डबी बोलली अन् मी तिथंच पोत्यावर बसली. तुह्या आबाजीचा आवाज. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पोरी. देवीलाल म्हणे, कंपनीकडून विकत आणली.

ते जाण्याआधीच्या उन्हाळ्यात तू आबाजीले वाचाले बसवून आवाज भरून घेतला. फुकट वाटणार म्हणाली होती. मग विकला कोणी? खरं कळव. रागवाचं का रडाचं, ते मग ठरवीन.

तुही वाट पाहणारी,
आजी

पुणे, दि. ९ जुलै २०२५

आदरणीय आजीस सप्रेम जयभीम. वि. वि.

मी विकला नाही. माझं सॉफ्टवेअर आणि आबाजींचा आवाज मी सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. कोणीही घ्यावा, बदलावा, विकावासुद्धा. ही मुभा माझीच. अटी दोनच. आबाजींचं नाव राहावं, आणि विकत घेणाऱ्याला आतली सगळी रचना मिळावी, म्हणजे त्यालाही ती शिकता येईल, पुढे देता येईल. कंपनीनं नाव पुसलं आणि आत कुलूप घातलं.

दिलेलं परत घेता येत नाही. पण यापुढचं सगळं बंद करावं, आवाज काढून टाकावा, असं वाटतं. तू म्हणशील तसं करीन. तुझी फार आठवण येते.

तुझ्या मायेतली,
समीक्षा

राळेगाव, दि. १७ जुलै २०२५

चि. समीक्षा हिस जयभीम व अ. आ.

आबाजी साऱ्या वस्तीचे कागद वाचत. दुसऱ्या गावानं बोलावलं तर एसटीचं भाडं मागून घेत, लाजत नव्हते. पण वाचून झालं की त्या घरातल्या एकाले जवळ बसवून तोच कागद वाचाले शिकवत. पुढल्या खेपेले मले बोलावू नका, म्हणत. मलेच तेवढं शिकवलं नाही. मी म्हणे, तुम्ही आहात ना वाचाले.

म्हणून कंपनीनं भाडं घेतलं त्याचं मले वाईट नाही. डबी काही पऱ्हाटीले कापसासारखी लागत नाही. पण नाव अन् कुलूप, याच्यासाठी भांड. वकील कर. आवाज मात्र काढू नको. बाटलीवरचं न वाचता येणाऱ्या माझ्यासारख्या अजून पुष्कळ आहेत.

अन् एक. ममता माहेरी गेलती, म्हणून तुहं छापील पत्र मी देवीलालच्या डबीपुढे धरलं. आबाजी मले "आदरणीय आजी" म्हणाले. जन्मभर "अवं" म्हणणारा माणूस. मी हसली, देवीलालही हसला. मग शेवटी ते म्हणाले, तुझी फार आठवण येते.

मशीन आहे, कळते मले. देवीलालले म्हटलं, पुन्हा लाव. तो डबी लावून दुकानाबाहेर जाऊन उभा राह्यला.

माह्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुही आजी,
पंचफुला (अंगठा)