आपोआप फुटलेलं पाणी

प्रिय ताई,

तुझा निरोप आईकडून पोचला. धाकटी याही बाळंतपणाला माझ्याच दवाखान्यात येणार, तिला विचारायचं काय, असं म्हणालीस म्हणे. आई तर दुपटी शिवायलाही बसली. तुझी भाची तिच्या पायाशी चिंध्या गोळा करते, आणि शिलाई मशीन अडखळलं की मी अजून लेकीला जवळ ओढते.

तिच्या जन्माच्या दिवशी असंच झालं होतं. माझ्या पोटावर पट्टा होता आणि मशीनमधून तिचे ठोके भरभर ऐकू येत होते. सकाळी तूच म्हणाली होतीस, बाळाचं डोकं अजून वर आहे, पाणी आपलं आपण फुटू दे, आत्ता फोडलं तर नाळ दाबली जायची. मी निर्धास्त होते. तुझा हात धरून रस्ता ओलांडायला शिकलेली मी, तुझ्यावर संशय कुठून घेणार? दुपारी तुझे संध्याकाळच्या सत्काराला जायचे कपडे दाराला टांगलेले दिसले. नुसतं तपासते, म्हणालीस. लगेच मांड्यांखाली ऊन पाणी पसरलं आणि ट्रेमध्ये पाणी फोडायची आकडी वाजली. मग ठोके रेंगाळले. एक ठोका, मग किती वेळ काहीच नाही, मग दुसरा. तू मला कुशीवर वळवलंस, नर्स धावल्या, तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. ठोके परत आले, ते तुझ्यामुळेच, हेही मी नाकारत नाही.

पण बाहेर जाऊन आईला आणि ह्यांना तू सांगितलंस, पाणी आपोआप फुटलं, मी होते म्हणून निभावलं. दार उघडं होतं, मी सगळं ऐकलं. फोडल्याचा राग केव्हाच गेला, घाई कुणाच्याही हातून होते. पण माझ्याच अंगाबद्दल तू खोटं बोललीस आणि घरात देव झालीस. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या खाटेवर कळलं.

आता मी दुसऱ्या दवाखान्यात नाव घातलं आहे. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, मागच्या वेळी ठोके कशाने उतरले? शेजारी आई बसली होती. तिच्या तोंडाकडे बघून मी म्हणाले, पाणी आपोआप फुटलं. तुझी लाज राखायला मी खोटं बोलले, या बाळाच्या जिवाशी खेळले, आणि त्या दिवसापासून मला झोप नाही. म्हणून हे पत्र. रविवारी आईकडे जेवायला येशील तेव्हा सगळ्यांसमोर तूच सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन. सांगितलंस, तर कळा सुरू झाल्यावर माझा हात धरायला ये. हातमोजे मात्र घरी ठेवून ये.

अजूनही तुझीच,
धाकटी