गंजावरचं माप

प्रिय धाकट्या,

रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्राचा तू प्रमुख झालास, फिरती खुर्ची मिळाली, टेबलावर काच आली, हे सगळं कानावर येतं हो. छान! माझा गुडघा अजून कुरकुरतो. शिवणाचं मशीन पायाने हाकायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं, पण नोकरी गेल्यावर पोट काय हवेवर भरायचं?

परवा आमच्या रूळ तपासणाऱ्या गँगमधली जुनी मैत्रीण आली होती. तिचा पुतण्या तुझ्या वर्गात आहे. गंज न खरवडता रुळाची जाडी मोजणाऱ्या एका बाईची गोष्ट तू सांगतोस म्हणे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून तिची नक्कलही करतोस आणि सगळे पोट धरून हसतात. सांगताना ती बिचारी खाली मान घालून बसली होती. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अरे, आधी खरवडायचं आणि मगच कॅलिपर लावायचा, हे तुला शिकवलं कुणी? गंज फुगतो, पापुद्र्यावर पापुद्रा चढतो आणि आतून खंगलेलं लोखंड बाहेरून गुटगुटीत दिसतं. हाताला धरून शिकवलं होतं मी. त्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी मी दोन रुळांमधलं अंतर मोजत होते, म्हणून बोगद्यातल्या रुळाची जाडी तुझ्यावर सोपवली. दहा मिनिटांत परत आलास. तळाची कड अकरा मिलिमीटर म्हणालास आणि मी वहीत लिहिलं. तुझ्या पिशवीतला गंज खरवडायचा तारेचा ब्रश स्वच्छ होता, तो मी बघायला हवा होता. तेवढी चूक माझी, ती मी कधीच नाकारली नाही.

तीन आठवड्यांनी रूळ तुटला, डबा घसरला आणि सिग्नलवाल्याचा पाय गेला. तुटलेली कड खरवडून मोजली, तर जेमतेम सहा भरली.

चौकशीत साहेबांनी विचारलं, माप घेतलं कुणी? तुझ्या बायकोला दिवस गेले होते, तुझी नोकरी नवी. मी म्हटलं, मी. तू शेजारीच मूग गिळून बसला होतास. बाहेर आल्यावर मात्र माझे पाय धरलेस, ताई, जन्मभर विसरणार नाही म्हणालास. त्या गप्प बसण्याचा मला राग नाही रे. भ्यालास, समजू शकते. पण नक्कल? माझी? सिग्नलवाला कुबडी टेकत माझ्या शिवणाच्या दुकानात येतो आणि मला बघून तोंड फिरवतो. तुझ्या वाट्याचं ते बारा वर्षं मी गिळतेय.

काल तुझ्या केंद्राचं पत्र आलं. येत्या सोमवारी वर्गापुढे उभं राहून स्वतःच्या चुकीबद्दल चार शब्द बोलावेत, अशी नम्र विनंती. खाली तुझी सही. वाचून केलीस की न वाचता, देव जाणे! मी येणार आहे. सिग्नलवाल्यालाही चल म्हणून निरोप धाडला होता, तो हो म्हणालाय. त्याआधी त्याच्या घरी जाऊन तूच खरं काय ते सांगितलंस, तर वर्गात मी फक्त माझ्या चुकीचं बोलेन. नाही गेलास, तर तुझ्याही. हे पत्र त्यासाठीच. चार दिवस आहेत तुझ्या हातात.

तरीही तुझीच,
ताई