नातीचं बारसं आणि माझं कटिस्नान

४ जानेवारी
भांडी बाजारातून मोठं तांब्याचं घंगाळ आणलं. उद्यापासून कटिस्नान, म्हणजे गार पाण्यात कंबर बुडवून बसणे. बारशाला नातीला स्वतः उचलून घ्यायचंय, तोवर कंबर ठणठणीत हवी. उज्वला म्हणाली, डॉक्टरकडे जा. बायकोला शास्त्र कळत नाही.

५ जानेवारी, सकाळी
निफाडला पारा घसरलाय. इथेही तेच. स्नान पुढे ढकललं. वेळ फुकट नको म्हणून 'घरगुती स्नानचिकित्सेचा इतिहास' हा ग्रंथ सुरू केला. प्रकरण पहिलं : रोमन लोक.

८ जानेवारी
ग्रंथ अडला. आपल्याकडे घरी औषधी स्नान करायची परंपराच सापडत नाही. अडाणी समाज! त्यात घरभर धूर. हर्षाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. सरुबाई रोज येऊन तिला तेल चोळते, कढत पाण्याने न्हाऊ घालते, मग बाजेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी. सगळा बायकी खुळचटपणा. खोकल्याने संदर्भ शोधता येईनात. दार लावून घेतलं.

११ जानेवारी
अखेर कटिस्नान केलं. फार वेळ नाही. कंबर जास्त दुखतेय, अर्थात विकार बाहेर पडतोय. उज्वला म्हणाली, शेक घ्या. तिला रोमन सम्राटांविषयी सांगितलं. ती मेथी निवडायला निघून गेली.

१५ जानेवारी
आज पूर्ण अर्धा तास बसायचा निर्धार. बसलो. उठता येईना. हाका मारल्या. बारशासाठी जावई अमोल लासलगावहून नुकताच आला होता. जावयाला पाट मांडायचा, तर त्यानेच मला ओल्या पंच्यासकट उपसून काढलं. मुलगा चांगला आहे, पण हिसका चुकीचा दिला. कंबर धरली ती त्यामुळे.

१६ जानेवारी, बारसं
कूस बदलता येत नाही. उज्वलाने हर्षालीला दुसऱ्या खोलीत हलवून मला तिच्या बाजेवर टाकलं. खाली शेगडी, वर कांबळं, ओव्याची धुरी. बरं वाटतंय. तसं फार नाही.

संध्याकाळी
बायका बाळंतिणीला बघायला म्हणून थेट आत शिरल्या. बाजेवर मी. शेजारच्या दीपमालावहिनींनी डिंकाचा लाडू उशाशी ठेवला आणि विचारलं, भूक लागते ना नीट? बाकीच्या पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या.
बाहेर पाळणा म्हटला. नातीला कोणी कोणी घेतलं, दिसलं नाही. नंतर हर्षालीने तिला आणून माझ्याशेजारी निजवलं. उचलायचं होतं, नाही जमलं. फार वाईट वाटलं. लाडू खाल्ला.