भूक लागली तेव्हा

धुळे, १९२४

हसीनाचाची,

झुंबरचा नमस्कार. हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तुमचा मुलगा कय्युम ते तुम्हाला वाचून दाखवील, आणि ही गोष्ट त्यालाही कळायला नको.

मानमोडीच्या साथीत माझी बनी गेली, तेव्हा मला रडूच येईना. चाळीसगावच्या आमच्या गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "रड, मोकळी हो." मी नुसती भिंतीकडे बघत बसे. तुम्ही शेजारून आलात, जवळ टेकलात आणि विचारलंत, "तुनी बनी कशी हासे वं?"

मी तिच्यासारखं नाक आक्रसून हसून दाखवलं आणि त्यातच हुंदका फुटला. रडून झाल्यावर कडकडून भूक लागली. पोर जाऊन आठवडा नाही आणि आईला भूक लागते, याची मला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. तुम्ही ते ओळखलंत. घरून भाकर आणलीत. तुमच्या घरचं आमच्यात चालत नाही, हे दोघींनाही आठवलं नाही.

"खाई ले, बेटी. भूक लागनी म्हनीसन तू पोरले इसरनी, अशे नही."

मी अख्खी भाकर खाल्ली, चाची. आज दोन लेकरांत बसून पोटभर जेवते, आणि बनीशी बेइमानी केल्यासारखं वाटत नाही.

तुमच्या हातचं खाल्लेली,
झुंबर