एकेचाळीस नंबरचं बटण

४ नोव्हेंबर

निकाल लागला. अध्यक्षबाईंनी सकाळीच बालसाहित्य पुरस्कारांची यादी फळ्यावर लावली. चित्रपुस्तक, कविता, कादंबरी — सगळीकडे मानकरी. हस्तलिखित विभागापुढे एकच ओळ : 'पुरस्कारयोग्य लेखन आढळले नाही.'

कारकून म्हणाला, "चला, एक हार वाचला." सगळे हसले. मीही हसले. मग जाऊन तोंड धुतलं.

पुरस्कारयोग्य लेखन होतं. मी वाचलंय.

५ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. हस्तलिखित म्हणायचं, पण टाइप करूनच मागवतो; त्यावर नाव नसतं, फक्त नंबर. नावं कारकुनाकडे, बंद पाकिटांत. पहिलं वाचन माझं एकटीचं. सातच्या खाली गुण दिले की ते परीक्षकांपर्यंत जातच नाही.

एकेचाळीस नंबर — तीन भोकांचं बटण. दोन भोकांची बटणं त्याला खेळायला घेत नाहीत, चार भोकांचीही नाहीत. दुसऱ्याच पानावर कळलं, ही आत्या! नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही; तिच्या शिलाई मशीनपाशी बसून शिकले. बेरीज-वजाबाकी बटणांच्या डब्यातून. त्यात एक तीन भोकांचं होतं — तिनकू. उत्तर चुकलं की आत्या म्हणायची, "तिनकू रुसलं बघ. पुन्हा मोज." उन्हाळ्यात म्हणालीही होती, "यंदा तिनकूची गोष्ट पाठवते तुमच्याकडे." गोष्टीत नाव तेवढं वेगळं होतं. वाटलं, मुद्दाम बदललं असेल.

नियम साधा आहे. ओळखीचं लेखन निघालं की अध्यक्षबाईंना सांगायचं, त्या दुसऱ्याला वाचायला देतात. पण मग सगळ्यांना कळणार, हिची आत्या. जिंकली असती तर वशिला म्हणाले असते. मनात नऊ गुण होते. सहा दिले. शेरा लिहिला : 'कल्पना ओळखीची वाटते.'

तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं होतं. केवढी मी निःपक्षपाती!

६ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही.

८ नोव्हेंबर

नाकारलेली हस्तलिखितं आज टपालाने परत गेली. प्रत्येकात माझ्या हातची शेऱ्याची चिठ्ठी. हे अक्षर आत्यानेच गिरवून घेतलंय. ती पाकीट फोडताच ओळखेल. एकेचाळीस मागे ठेवावं म्हणून ढिगाकडे हात नेला. कारकून म्हणाला, "ताई, काही राहिलं का?" म्हटलं, नाही.

११ नोव्हेंबर

आत्याचा फोन नाही. रोज असतो.

१२ नोव्हेंबर

राहवेना. गेले. आत्या काजं करत बसली होती. दोन दिवस घसा बसलाय तिचा, म्हणून फोन नव्हता. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. तिने दातांनी दोरा तोडला.

"अगं खुळे, मी पाठवलीच नाही. तू तिथे कामाला. म्हटलं, पोरीला उगाच अवघड नको."

कपाटातून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. तिनकू, तिच्या अक्षरात. संबंध वेगळीच गोष्ट.

"मग ते बटण?"

"तीन भोकांची बटणं काय आपल्याच घरात असतात?"

टपाल पोचलं असेल एव्हाना. माझी चिठ्ठी कुणीतरी वाचली असेल — आणि आपली गोष्ट कुणाच्या ओळखीची होती, ते आठवत बसलं असेल.