पहिली पसंती

छत्रपती संभाजीनगर,
१९ ऑगस्ट २०२५

आदरणीय सर्जेराव मामा,
सप्रेम जय भीम.

इकडे मी मजेत आहे. वसतिगृहातलं वरण पातळ असतं, पण मामींच्या शेंगदाण्याच्या चटणीवर निभतं. मामींचा गुडघा आता कसा आहे? तुमचे फोन मी उचलले नाहीत. तुमच्यासमोर माझी वाचा बसते, म्हणून लिहिते आहे.

अकरावीची यादी लागली त्या दिवशी तुम्ही देवगाव रंगारीत पेढे आणून ठेवले होते, असं आई म्हणाली. तुमच्या कॉलेजच्या यादीत माझं नाव आलं नाही, हा कॉम्प्युटरचा घोळ नव्हे. ऑनलाइन अर्जात दहा कॉलेजं पसंतीनं लावता येतात. पहिलं मिळालं की तिथंच जावं लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. तुमचं पहिलं टाकलं असतं, तर माझ्या मार्कांना ते मिळणारच होतं. म्हणून पहिलं सोडाच, मी ते दहाव्या क्रमांकालाही टाकलं नाही.

तुम्ही म्हणाला होतात, "नाव आपल्याकडं ठेव, अभ्यास शहरातल्या क्लासात कर. समदे तेच करत्यात." करतात, खरंय. तुमच्याकडे कागदावर सायन्सचा वर्ग भरलेला आणि बाकांवर धूळ. दहावीतही मी प्रयोगवहीत फळ्यावरची निरीक्षणं उतरवली. रंग बदलला असं लिहिलं, बदलताना कधी पाहिला नाही. परवा इथं निळा लिटमस माझ्या हातात लाल झाला आणि मला रडूच आलं. मुली हसल्या. हसू देत.

मी उपकार विसरले, असं म्हणू नका. बाबांना तुमच्या कॉलेजात शिपायाची नोकरी तुम्हीच दिलीत, आमची चूल तिच्यावर पेटते. पण त्याच नोकरीचा धाक तुम्ही आईला घातलात, याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

अर्ज भरताना बाबा शेजारी होते. तुमच्या कॉलेजचं नाव आलं तशी मी थांबले. ते म्हणाले, "पुढं जा. रिकाम्या वर्गाला घंटा देऊन देऊन हात दुखला माझा." हे मामांना कळवू का, असं मी विचारलं. लिही म्हणाले.

तेव्हा त्यांना ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही ठरवा. मी माझं नाव तुमच्याकडे आणणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत मामींना भेटायला येईन, तुम्ही बोललात तर तुमच्याशीही बोलेन.

घंटा झाली, जाते.

वर्गात हजर असलेली
तुमची भाची,
तनुजा