आठव्या इनिंगमध्ये काढलेला पिचर

बाबा,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी अजून दर रविवारी तुमच्या त्या बेसबॉल टीमवर पाच पौंड लावते. ती अजूनही हरते. ट्रॅम स्टॉपशेजारच्या बेटिंग शॉपमधली बाई बदलली, पण तीही आता मला बघून हसते. तुम्ही भाजी आणायला म्हणून निघायचात आणि तिथे शिरायचात. आई चिडायची, "अहो, लावायचेच असतील तर निदान जिंकणाऱ्यांवर तरी लावा." तुम्ही पिशवीतली मेथी काढत शांतपणे म्हणायचात, "जिंकणाऱ्यांना माझी काय गरज?"

मला आपलं मँचेस्टरचं ते अरुंद स्वयंपाकघर आठवतं. मी दहा वर्षांची आहे, आई थालीपीठं लावतेय, आणि तुम्ही टेबलाच्या चार कोपऱ्यांवर मिठाची बरणी, चहाचा डबा, लोणच्याची बाटली आणि माझा कप मांडून मला बेसबॉल समजावताय. सगळं ऐकून घेऊन मी म्हणते, "हा तर राउंडर्स! आम्ही मुली शाळेत खेळतो." तुमचा चेहरा इतका पडला की आईला हसू आवरेना. तरुणपणी अमेरिकेत एक वर्ष ट्रेनिंगला होतात, तेव्हा राहायला जे गाव मिळालं त्याची टीम सगळ्यांत दुबळी होती. बस, तेवढ्यावरून तुम्ही जन्मभर त्यांचे झालात.

हॉस्पिटलात तुम्ही भूलतज्ज्ञ. कन्सल्टंटच्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या डॉक्टरच्या, जागेसाठी तीनदा मुलाखत दिलीत आणि तिन्ही वेळा ती जागा तुमच्या हाताखाली शिकलेल्याच कुणाला तरी मिळाली. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही एक शब्द बोलायचा नाहीत. पण पुढे घरावर डिश लागली, अमेरिकेतले दुपारचे सामने आपल्याला संध्याकाळी दिसायला लागले, आणि चांगला बॉल टाकत असलेल्या पिचरला काढायला टीमचा मॅनेजर मैदानात चालत निघाला की तुमचा आवाज शेजारच्या घरात ऐकू जायचा. "अरे गाढवा, का काढतोस त्याला?" एकदा बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, याचा तुम्हाला फार त्रास व्हायचा.

मला नुकतंच एका हॉस्पिटलात मॅनेजरचं पद मिळालं होतं, तेव्हाची गोष्ट. मी म्हणाले, "बाबा, तो आकडे बघून काढतो. शंभर बॉल झाले की हात थकतो." तुम्ही टीव्हीचा आवाजच बंद केलात. "आकडे मलाही वाचता येतात. पेशंट टेबलावर असताना मी नुसतं मशीनकडे बघत बसलो असतो तर किती जण घरी गेले असते? माणसाकडे बघायचं आधी. तुला आता हेच काम करायचंय, लक्षात ठेव." तुम्ही माझ्यावर असे कधीच ओरडला नव्हतात. मी उठून भांडी घासायला गेले.

लक्षात ठेवलं नाही, बाबा. अलीकडे माझ्याकडे स्ट्रोकच्या पेशंटांचा वॉर्ड होता. कामगिरीच्या सगळ्या यादीत तळाला. तिथली मुख्य सिस्टर जमैकाची, साठीला आलेली. तिने दोन वर्षांत तो हळूहळू वर आणला. लोक पुन्हा चालायला लागले, हाताने चमचा धरायला लागले. पण आकडे सावकाश हलत होते आणि या वसंतात सरकारी तपासणी होणार होती. मी तिला काढून आउटपेशंट विभागात पाठवलं आणि तिच्या जागी दुसऱ्या हॉस्पिटलातून एक हुशार, तरुण बाई आणली. सिस्टरने टेबलावर किल्ल्या ठेवल्या आणि एवढंच म्हणाली, "अजून दोन महिने दिले असतेस तर." तिच्यामागोमाग सहा नर्सेस वॉर्ड सोडून गेल्या. तपासणीत आम्ही नापास झालो. शुक्रवारी वॉर्ड बंद झाला. पेशंट आता दोन बस बदलून जावं लागतं अशा ठिकाणी आहेत. एका आजोबांची बायको मला कॉरिडॉरमध्ये भेटली, तिने मला ओळखलं आणि तशीच पुढे गेली.

तुमच्या शेवटच्या रविवारचं कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही स्वतः पेशंट म्हणून वॉर्डात होतात, मी टॅब्लेट उशीला टेकवून धरला होता. तुमच्या टीमचा एक पोरगेला पिचर कधी नव्हे ते सुरेख टाकत होता. नऊपैकी आठव्या इनिंगपर्यंत एका धावेची आघाडी. साडेआठला भेटायची वेळ संपली आणि नर्सने मला उठवलं. तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "त्याला काढू नये म्हणजे झालं." बाहेर अजून उजेड होता. ट्रॅममध्ये मी फोनवर पुढचं बघितलं. मॅनेजर मैदानात चालत गेला, त्याने हात पुढे केला आणि पिचरने बॉल त्याच्या हातात ठेवला. दोनच स्टेशनांत सामना हातचा गेला.

सकाळी तुम्ही डोळे उघडून पहिलं तेच विचारलंत. मी म्हणाले, "जिंकले, बाबा."

"त्याला ठेवला?"

"ठेवला. शेवटपर्यंत."

"आली म्हणजे एकदाची अक्कल," म्हणालात आणि चहा मागितलात. बुधवारी तुम्ही गेलात.

हा कागद मी घडी घालून ठेवून देणार आहे. तुम्ही असतात तरी तो तुमच्या हातात द्यायची माझी हिंमत झाली नसती. खोटं बोलल्याचं मला एवढं काही वाटत नाही. त्या संध्याकाळी पोराचा खांदा थकून खाली आला होता, बॉल वर जायला लागले होते, मला टॅब्लेटवर दिसत होतं. मीसुद्धा त्याला काढलाच असता.